डिझेल पिकअपचे ट्युनिंग: परळ-लालबाग पद्धत

डिझेल पिकअपचे ट्युनिंग म्हणजे सिलिंडरमध्ये जाणाऱ्या डिझेलचे माप, ते जाण्याची वेळ आणि त्यातून निघालेली ताकद चाकांपर्यंत पोचवणारा क्लच व गिअरबॉक्स यांचा एकमेकांशी मेळ घालणे. ही व्याख्या जगभर चालते. गिरगाव ते दादर या पट्ट्यात मात्र तिला पुरवणी जोडावी लागते, कारण येथे मालक, ड्रायव्हर आणि पीयूसीवाला यांचाही मेळ घालावा लागतो. मालकाला अ‍ॅव्हरेज हवे असते, ड्रायव्हरला ताकद हवी असते, पीयूसीच्या यंत्राला धूर नको असतो, आणि जुन्या गाडीत या तिन्ही मागण्या पंपाच्या एकाच स्क्रूकडे केल्या जातात. स्क्रू एक, अर्जदार तीन. चौथा अर्जदार म्हणजे खुद्द इंजिन. त्याचे म्हणणे सर्वांत शेवटी आणि खटखट आवाजात ऐकू येते.

पिकअप हा मध्य मुंबईतील सर्वांत कमी झोप मिळणारा रहिवासी होय. पहाटे तीनला ती दादरच्या फूलबाजारात झेंडूच्या गोण्या उतरवते, सकाळी भाऊच्या धक्क्यावरून मासळी घेऊन निघते, दुपारी लालबागच्या मसाला गल्लीत मिरची टाकते आणि संध्याकाळी मंडपाचे बांबू वाहते. चारही कामे एकाच दिवसात एकाच गाडीने करू नयेत असा संकेत आहे. तो मोडला गेल्यास दुसऱ्या दिवशीच्या झेंडूला त्याचा पत्ता लागतो.

या कामावर दिसणाऱ्या गाड्यांची वंशावळ फार लांब नाही. १९८८ साली टाटामोबाइल आली आणि तिच्या मागोमाग २०७ आली. महिंद्राची बोलेरो पिकअप हे आजचे सर्वाधिक ओळखीचे तोंड. महिंद्राचा संबंध या भागाशी जुना आहे. १९४५ साली ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने सुरू झालेल्या कंपनीतले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले, १९४८ साली पाटीवरचे नाव बदलले, आणि माझगावात विलिज जीपचे सुटे भाग मात्र जोडले जात राहिले. भागीदारी सुटली, जीप जुळली. २००५ साली टाटा एस आला आणि छोटा हाथी म्हणून गल्लीबोळांत शिरला. त्याचे सुरुवातीचे इंजिन दोन सिलिंडरचे, सुमारे ७०० सीसीचे आणि १६ अश्वशक्तीचे होते. सोळा घोड्यांचा एक हत्ती हा हिशोब कोणत्याही पंचांगात सापडत नाही, पण भुलेश्वरच्या गल्लीत तो बरोबर उतरतो.

इंजिनाचे मूळ जर्मनीतले. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली आउग्सबुर्ग येथे जे इंजिन चालवून दाखवले ते सुमारे २० अश्वशक्तीचे होते आणि इंधनातील जवळपास २६ टक्के ऊर्जा कामाला लावत होते. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांपुढे ही चैन होती. १९१३ साली इंग्लंडला जाणाऱ्या जहाजावरून डिझेलसाहेब रात्रीतून नाहीसे झाले. त्या वेळी त्यांच्या डोक्यावर मोठे कर्ज होते. डिझेल गाडीचे कर्ज मंजूर करताना बँका हा तपशील सांगत नाहीत.

या इंजिनात स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवेला तिच्या मूळ आकारमानाच्या सोळाव्या ते बाविसाव्या हिश्शात कोंबतो, त्या दाबाने हवा ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापते, आणि त्या तापल्या हवेत डिझेलचा फवारा सोडला की ते आपण होऊन पेटते. पेट्रोलच्या जुन्या इंजिनात अ‍ॅक्सिलरेटर हवेची वाट उघडतो. साध्या डिझेल इंजिनात हवा दर खेपेला यायची तेवढी येतेच, अ‍ॅक्सिलरेटर फक्त डिझेल कमीजास्त करतो. म्हणजे ताकद वाढवायची तर डिझेल वाढवले की झाले. डिझेल इंजिनाची ताकद वाढवणे इतके सोपे आहे, आणि या विषयातील बहुतेक नुकसान या सोपेपणातूनच झालेले आहे.

ट्युनिंगला हात घालण्यापूर्वी काही कामे उरकावी लागतात. ती कंटाळवाणी असल्याने टाळली जातात. टॅपेटची फट फिलर गेजने पाहावी. ती मिलिमीटरच्या काही दशांशांची असते आणि किती हवी ते गाडीच्या पुस्तकात छापलेले असते. पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात, नारळाच्या शेंडीखाली असते. डिझेल फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी काढावे. फिल्टर बदलल्यावर लाइनने हवा धरली असेल तर हातपंप मारून ती काढावी. हवा निघाल्याची खूण म्हणजे बुडबुडे थांबून डिझेल सरळ मेकॅनिकच्या शर्टावर येते.

एअर फिल्टरला या भागात वेगळे महत्त्व आहे. इंजिनाला हवा हवी असते, पण लालबागला ती सुटी मिळत नाही. मे महिन्यात मसाला कुटण्याचे डंख सुरू असताना गल्लीत तासभर इंजिन चालू ठेवून उभ्या राहिलेल्या गाडीचा फिल्टर झटकताना मेकॅनिकने तोंड फिरवून घ्यावे. मिरवणुकीत राहून आलेल्या गाडीचा फिल्टर गुलाबी निघतो. दोन्ही रंगांचे फिल्टर बदलावेत. चोंदलेल्या फिल्टरची गाडी काळा धूर टाकते, ओढत नाही आणि डिझेल खाते. हीच तीन लक्षणे पंप बिघडल्याचीही असतात. त्यामुळे थोड्या पैशांच्या फिल्टरऐवजी भरपूर पैशांचा पंप आधी उतरवला जातो.

पंप आणि नोझल हा गॅरेजमधला विषय नव्हे, ते वेगळे घराणे आहे. मेकॅनिक पंप उतरवतो आणि कपड्यात गुंडाळून पंपवाल्याकडे पाठवतो. पंपवाल्याकडे एक टेस्ट बेंच असतो, काचेच्या नळ्या असतात आणि दारावर ‘आत येऊ नये’ अशी पाटी असते. ही पाटी अहंकारातून लावलेली नसते. पंपातील प्लंजर आणि त्याचे घर यांच्यातील फट मिलिमीटरच्या काही हजारांशांची असते, आणि बाहेरून येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या खांद्यावर त्याहून जाड धूळ असते. बेंचवर पंप ठरावीक फेऱ्या फिरवतात आणि प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याचे डिझेल वेगळ्या नळीत जमते. चारही नळ्यांतली पातळी एका रेषेत यायला हवी. चाळीच्या सामाईक नळाप्रमाणे येथेही कोणाला जास्त आणि कोणाला कमी गेले की आवाज सुरू होतो.

नोझलची परीक्षा छोट्या हातपंपावर होते. जुन्या इंजिनांत नोझल शंभर ते अडीचशे बारच्या दरम्यान, जातीप्रमाणे, ठरलेल्या दाबाला उघडते. चांगले नोझल धुके सोडते आणि करकर आवाज करते, वाईट नोझल धार सोडते किंवा थेंब गाळते. थेंब गाळणारे नोझल पिस्टनच्या डोक्याला भोक पाडू शकते. फवाऱ्याखाली बोट कधीही धरू नये. त्या दाबाचे डिझेल कातडी भेदून आत शिरते आणि मग गाठ पंपवाल्याऐवजी केईएमच्या अपघात विभागाशी पडते.

आता तो स्क्रू. एका खेपेला जास्तीत जास्त किती डिझेल जावे याची मर्यादा पंपावरील एक स्क्रू ठरवतो. कारखान्यात तो लावून तारेने बांधतात आणि तारेला शिशाचे सील ठोकतात. परळ-लालबागमध्ये हे सील शाबूत असलेला जुना पंप दिसल्यास गाडी चोरीची असावी असा संशय घेतला जातो. एक किलो डिझेल पुरते जळण्यास सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. पण सिलिंडरमध्ये दोघांना एकमेकांत मिसळायला सेकंदाचे काही हजारांश मिळतात, म्हणून प्रत्यक्षात हवा अठरा-वीस किलोपर्यंत राखावी लागते. डिझेल वाढवून हे प्रमाण त्याखाली आणले की सुरुवातीला ताकद खरोखर वाढते. ड्रायव्हर खूश होतो. त्यानंतर वाढते ती काजळी. म्हणजे पाव आटा फिरवल्यावर चढ सुटतो, अर्धा आटा फिरवल्यावर धूर सुटतो आणि पाऊण आटा फिरवल्यावर ड्रायव्हर सुटतो, कारण मालकाने डिझेलचे बिल पाहिलेले असते.

धुराचे वाचन हे ट्युनिंगमधील स्वतंत्र शास्त्र आहे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे, रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीले गेली आहेत. पांढरा धूर गार इंजिनात थोडा वेळ क्षम्य असतो. गरम झाल्यावरही तो राहिला तर टायमिंग मागे आहे, कॉम्प्रेशन कमी आहे किंवा हेडच्या गॅस्केटमधून पाणी आत येते आहे. ड्रायव्हरच्या मते मात्र धुराचा एकच रंग असतो आणि त्याचे एकच कारण असते: “पंपावरचं डिझेल भेसळीचं होतं, शेठ.”

शहराचे या धुराकडे लक्ष जाऊन पाव शतक झाले. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयात धुराविरुद्ध जनहित याचिका आली, काळ्या धुरावर लाल समिती नेमली गेली आणि पुढच्या काही वर्षांत शहरातल्या जुन्या टॅक्सी सीएनजीकडे वळल्या. पिकअपच्या नशिबी पीयूसी आले. मोटार वाहन नियमांप्रमाणे गिअर न्यूट्रलला ठेवून अ‍ॅक्सिलरेटर झटकन तळापर्यंत दाबायचा, असे काही वेळा करायचे आणि धुराची घनता मोजायची. जुन्या डिझेल गाड्यांना ६५ हार्ट्रिज एककांची मर्यादा आहे. बीएस-४ गाड्यांसाठी ती ५० वर आली. जुन्या गाडीचा दाखला सहा महिने टिकतो आणि बीएस-४ व त्यापुढच्या गाडीचा वर्षभर. यातून वर्षातून दोनदा होणारा एक विधी तयार झाला. सकाळी स्क्रू पाव आटा मागे घ्यायचा, गाडी पीयूसीला न्यायची, दाखला घ्यायचा, आणि दुपारी स्क्रू पाव आटा पुन्हा पुढे न्यायचा. त्या दिवशी सकाळी अकरा ते साडेअकराच्या दरम्यान गाडी कायद्याच्या पुस्तकाबरहुकूम असते. योगायोग असा की अ‍ॅव्हरेजही त्याच अर्ध्या तासात सर्वांत चांगले असते. हे मालकाला कोणी सांगत नाही, कारण ते खरे आहे.

टायमिंग हा यापेक्षा नाजूक मामला. पिस्टन माथ्यावर पोचण्याच्या काही अंश आधी डिझेल सुटायला हवे. ते फार आधी सुटले तर इंजिन ठोकते, दाब बेसुमार वाढतो आणि बेअरिंगे भोगतात. उशिरा सुटले तर इंजिन सुस्तावते, धूर पांढरा येतो आणि आग सायलेन्सरच्या वाटेने बाहेर पडते. फ्लायव्हीलवरच्या खुणा पाहून टायमिंग बांधण्याची पद्धत पुस्तकात दिलेली आहे. दुसरी पद्धत कानाची: पेचकसाचे टोक इंजिनच्या हेडवर टेकवायचे, मूठ कानाला लावायची आणि पंपाचे नट ढिले करून तो हळूहळू फिरवत राहायचे. कसलेल्या मेकॅनिकला यात अंशाअंशाचा फरक कळतो. मात्र गणपतींच्या आधी ढोलपथकांचा सराव सुरू होतो आणि पुढचे काही आठवडे मध्य मुंबईत कानाने टायमिंग बांधणे बंद ठेवावे लागते. त्या दिवसांत बांधलेली इंजिने ठेक्यात चालतात, पण ओढत नाहीत.

टर्बो आल्यावर हवेचा दुष्काळ संपला आणि कॉमन रेल आल्यावर स्क्रूच नाहीसा झाला. आता १६०० बार किंवा त्याहून अधिक दाबाचे डिझेल एका नळीत तयार असते आणि ते कधी, किती आणि एका खेपेत कितीदा सोडायचे ते एक संगणक ठरवतो. अर्जदार तेच राहिले, फक्त अर्ज ऑनलाइन झाला. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लॅपटॉप जोडून आतला नकाशा बदलणारे कारागीर आता मिळतात. टर्बो डिझेलमध्ये अशा बदलाने ताकद चांगली वीसेक टक्के वाढू शकते. वाढलेला दाब, उष्णता आणि धूर यांची जबाबदारी लॅपटॉप बंद करून निघून जाणाऱ्याकडे नसते. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करण्यास मनाई करते. हे कलम ताडदेव आणि वडाळा येथील आरटीओत सर्वांना पाठ आहे आणि त्यांच्या फाटकाबाहेर कोणालाच नाही.

अमेरिकेत या छंदाचे स्वरूप राक्षसी आहे. तेथील डिझेल पिकअप सहा-साडेसहा लिटरच्या असतात, आणि मुद्दाम डिझेल वाढवून मागच्या गाडीवर काळा ढग सोडण्याच्या खेळाला ‘रोलिंग कोल’ असे नाव आहे. तेथील पर्यावरण संस्थेने २०२० साली काढलेल्या अंदाजानुसार आधीच्या दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपची प्रदूषणरोधक यंत्रणा काढून टाकण्यात आली होती. काळा ढग सोडण्यासाठी तेथे पैसे खर्च करावे लागतात. येथे तो फिल्टर न बदलताही मिळतो.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांनी ट्युनिंगमध्ये एक नवे कर्मकांड आणले. एक्झॉस्टमध्ये काजळी पकडणारा फिल्टर असतो. साचलेली काजळी जाळण्यासाठी तो ६०० अंशांच्या आसपास तापावा लागतो, आणि त्यासाठी गाडी बराच वेळ एका लयीत पळावी लागते. दादर ते गिरगाव या मार्गावर लय धरायला तेवढा रस्ता नाही. कोस्टल रोडवर आहे, पण तेथे मालवाहू गाड्यांना बंदी आहे. मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि ड्रायव्हर रात्री अकराला रिकामी गाडी घेऊन ठाण्याला जाऊन येतो. कुठे गेला होतास, या मालकाच्या प्रश्नाला “काजळी जाळायला” हे उत्तर शास्त्रशुद्ध असूनही पहिल्यांदा कोणालाच पटलेले नाही.

इंजिनात वाढवलेली ताकद क्लच आणि गिअरबॉक्सवर येऊन पडते. ते मूळच्या ताकदीला बेतलेले असतात आणि त्यांना विचारण्यात आलेले नसते. ट्युनिंगचे दुसरे बिल येथून सुरू होते. प्लेट सरकू लागली की चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये रेस वाढते, गाडी वाढत नाही. तपासणी सोपी आहे. हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये हळूहळू क्लच सोडावा. इंजिन बंद पडले तर प्लेट शाबूत, चालत राहिले तर प्लेट संपली. हँडब्रेकच लागत नसल्यास गाडी पुढे जाऊन ही तपासणी समोरच्या टॅक्सीवर होते.

लालबाग-परळच्या क्लचचे खरे मरण भाद्रपदात आहे. मिरवणुकीत जनरेटर किंवा स्पीकर घेऊन चालणाऱ्या पिकअपचे गणित मांडण्यासारखे आहे. पहिला गिअर साधारण चारास एक आणि डिफरन्शियल साडेचारास एक धरले तर दोन्ही मिळून अठरास एक होतात. इंजिन अगदी आयडलवर, मिनिटाला ८०० फेऱ्या फिरत असले तरी चाक मिनिटाला ४४ फेऱ्या घेते आणि गाडी ताशी साडेपाच किलोमीटर जाते. अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता गाठता येणारा हा तिचा सर्वांत कमी वेग. लालबागहून निघालेली मोठी मिरवणूक गिरगाव चौपाटीला दुसऱ्या दिवशी सकाळी पोचते आणि सरळ वाटेने हे अंतर दहा किलोमीटरही नाही. म्हणजे वेग ताशी अर्धा किलोमीटर. इंजिनाच्या दर अकरा फेऱ्यांपैकी गिअरबॉक्सला हवी असते एक. उरलेल्या दहा क्लचप्लेटवर घासून उष्णतेत जातात. यालाच हाफ क्लच म्हणतात. जळक्या प्लेटचा वास धुपात मिसळून जातो. भाविकांना तो कळत नाही, ड्रायव्हरला कळतो, आणि त्याच्या चेहऱ्यावरच्या भावांना बाकीचे भक्ती समजतात.

यावरचा पुस्तकी उपाय असा की क्लच पुरता सोडून थोडे पुढे जावे, न्यूट्रल करून थांबावे, पुढे अंतर पडू द्यावे आणि मग पुन्हा निघावे. पुस्तक लिहिणाऱ्याने चिंचपोकळी पाहिलेली नसते. गाडीपुढे अंतर पडले की त्यात आधी लेझीम शिरते, मग मंडळाचे कार्यकर्ते शिरतात आणि शेवटी कोणीतरी मुलाला खांद्यावर घेऊन फोटोसाठी उभे राहते. दुसरा उपाय म्हणजे इंजिन बंद करून गाडी ढकलणे. तो यंत्रशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष आहे, आणि उत्साह असेपर्यंत, म्हणजे साधारण भायखळ्यापर्यंत, चालतो. कडक प्रेशर प्लेट घातल्यास क्लच जास्त टिकतो, पण पेडल इतके जड होते की प्लेटऐवजी ड्रायव्हरचा डावा गुडघा बदलावा लागतो.

डिफरन्शियलमधील क्राउन-पिनियन बदलून ओढ वाढवता येते. दातांचे प्रमाण वाढले की त्याच इंजिनाने गाडी जास्त वजन खेचते आणि त्याच रेसला कमी पळते. शहरात पळण्याचा प्रश्नच नसल्याने हा सौदा फायद्याचा वाटतो. नाशिकहून फुले आणायला निघाल्यावर भिवंडीच्या पुढे इंजिन किंचाळू लागते तेव्हा त्याची किंमत कळते, आणि कसारा घाटात ती पुन्हा वसूल होते. मोठे टायर चढवल्यास याच्या नेमके उलट होते. तेही काही जण करतात, दिसायला बरे म्हणून. कमानीला एखादा पाटा वाढवून जास्त माल भरण्याची सुधारणा ट्युनिंगमध्ये मोडत नाही. ती ओव्हरलोडिंगच्या कलमात मोडते.

गिअर ऑइलबद्दल थोडक्यात: पुस्तकात दिलेल्या दर्जाचेच घालावे. चुकीच्या दर्जाच्या तेलातली गंधकयुक्त मिश्रणे पितळेच्या सिंक्रो रिंगा खातात आणि मग दुसरा गिअर पडताना असा आवाज येतो की सिग्नलवरचा हवालदारही वळून पाहतो. गिअरच्या दांडीवर हात ठेवून गाडी चालवू नये, आतला फोर्क झिजतो. क्लचवर पाय टेकवून चालवू नये, बेअरिंग जाते. दोन्ही सूचना देऊन झाल्यावर ड्रायव्हरचा हात आणि पाय कुठे आहेत ते पाहावे.

पावसाळ्यात हिंदमाता चौकाचा वेगळा विचार करावा लागतो. महापालिकेने प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली पाणी साठवण्याच्या टाक्या बांधल्यापासून तेथील तळे लवकर ओसरते, पण पिकअपला बुडायला एक तास पुरतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. एअर फिल्टरच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये गेले की पिस्टन त्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी म्हणूनच पुन्हा सेल्फ मारून बघू नये. आजूबाजूचे सर्व जण “मार, मार, अजून एकदा मार” असे सांगत असतात. रॉडचा खर्च त्यांच्याकडे मागता येत नाही. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांचे दुखणे उशिरा कळते. तापलेले घर पाण्यात अचानक गार झाले की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, सीलमधून पाणी आत ओढले जाते. चार दिवसांनी तेल काढल्यावर ते दुधी निघाले तर हिंदमाता आत पोचली असे समजावे.

ट्युनिंग झाल्यावर चाचणी घ्यावी लागते. परदेशात त्यासाठी गाडी रोलरवर बांधून ताकद मोजण्याचे यंत्र असते. येथे मलबार हिलवर जाणारा चढ आहे. ओळखीचे वजन भरावे, तिसऱ्या गिअरमध्ये निघावे आणि दुसरा कुठे टाकावा लागतो ती जागा लक्षात ठेवावी. ट्युनिंगनंतर ती जागा वर सरकली तर काम जमले. जवळची चाचणी हवी असल्यास पूल होते, पण एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडण्यासाठी बंद झाल्यापासून त्याची वाहतूक दादरच्या टिळक पुलावर आणि करी रोड, चिंचपोकळीच्या पुलांवर आली. त्यामुळे तेथे आता फक्त क्लचची चाचणी होते.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ट्युनिंग हा अमेरिकेतील मोठा व्यवसाय आहे. कोणत्या वेगाला गिअर बदलायचा, आतल्या तेलाचा दाब किती ठेवायचा, टॉर्क कन्व्हर्टर कधी जखडायचा, हे सर्व तेथे लॅपटॉपवर बदलतात. भारतात २०२२ पासून ऑटोमॅटिक टोयोटा हायलक्स मिळते. ती परळमध्येही दिसते, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरच्या तळघरात. तिच्या हौद्यात आजवर पडलेले सर्वांत जड सामान गोल्फची बॅग असल्याने तिच्या ट्युनिंगचा प्रश्न उद्भवत नाही.

जुनी डिझेल पिकअप विकत घेणाऱ्याने गाडी सकाळी, इंजिन गार असताना पाहावी. बॉनेटला हात लावून खात्री करावी. गार इंजिन पहिल्या-दुसऱ्या सेल्फला उठले, पांढरा धूर मिनिटभरात गेला, ऑइलचे झाकण काढल्यावर आतून हवेचा भपकारा आला नाही आणि तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडल्यावर इंजिन बंद पडले, तर भावाचे बोलणे करावे. “तुम्ही येणार म्हणून आम्ही आधीच सुरू करून ठेवली” असे मालक म्हणाला, तर चहा घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी न सांगता सकाळी सहाला यावे.